दंश आणि दिवस

पिसाळलेल्या जनावरांच्या विषाविषयीं आपल्या पूर्वजांस कांहींच ठाऊक नव्हतें असें नाहीं. पाण्यास भिऊं लागलेला रोगी वांचत नाहीं, हें सुश्रुतानें कल्पस्थानांत सांगून ठेविलें आहे, आणि तें विधान आजही जवळजवळ तसेंच खरें आहे. उपाय चालतो तो भय उत्पन्न होण्यापूर्वीं. म्हणून या रोगाचा इतिहास हा बराचसा दिवसांचा व वाटेचा हिशेब आहे.

६ जुलै १८८५ रोजीं आल्सेसमधील जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास पाश्चरनें पहिली लस देवविली. दंश दोन दिवसांपूर्वींचा होता. पाश्चर पडला रसायनशास्त्रज्ञ. सुई टोंचली ती डॉक्टर ग्रांशेनें. मुलगा वांचला, ही कथा सर्वांस पाठ आहे. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत आणलेल्या लुईज पेलेतिएची कथा मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. तिला दंश होऊन ३७ दिवस लोटले होते. यश येणें कठीण, अपयश आलें तर विरोधकांच्या हातीं कोलीत. हें कळत असूनही पाश्चरला नाहीं म्हणवलें नाहीं. मुलगी गेली. मला तर माइस्टरपेक्षां या प्रसंगींच पाश्चर मोठा वाटतो. पुढें मार्च १८८६ मध्यें स्मोलेन्स्ककडील, लांडग्यानें फाडलेले १९ रशियन शेतकरी पॅरिसला पोंचले. त्यांतील तिघे दगावले.

आपल्याकडे १९०० सालीं कसौलीस संस्था निघेपर्यंत गोऱ्या शिपायांस सरकार पॅरिसला पाठवी, खेडुतास मांत्रिक. त्या खेडुतास हंसण्याचें कारण नाहीं. चावा बसलेला प्रत्येक जण रोगी होत नाहीं. जे आपोआप वांचले त्यांचें श्रेय मांत्रिकास मिळे, आणि जे मेले ते बहुधा महिन्यादोन महिन्यांनीं, तोंवर चाव्याची आठवण बुजालेली असे.

कसौलीचे पहिले संचालक डेव्हिड सेंपल यांनीं मेंढीच्या मेंदूपासून, कार्बॉलिक ॲसिडानें विषाणू मारून केलेली लस दूरच्या दवाखान्यांतूनही देतां येऊं लागली. खेडीं जवळ आलीं तीं तिच्यामुळें. पण ती पोटांत टोंचावी लागे, आणि क्वचित् अर्धांगही आणी. २००५ च्या सुमारास ती आपल्या देशांत बंद झाली. आतां लस दंडांत देतात, आणि त्याआधीं जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावयाची असते. माझ्या लहानपणीं आमच्या गांवीं ओरखडा सदऱ्याखालीं लपवून घरीं येणारीं मुलें होतीं. त्यांस धाक कुत्र्याचा नव्हता, पोटांतील चौदा सुयांचा होता.