तारण, करार आणि इमान

रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या काव्यावर वर्गांत बोलत असतांना एके दिवशीं 'तारण' हा शब्द आला. एका चुणचुणीत विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, तारण म्हणजे कर्जासाठीं बँकेंत सोनें ठेवतात तेंच ना?" सगळा वर्ग हंसला, आणि सांगावयास लाज वाटते, मीही हंसलों. मागल्या बाकावर एक ख्रिस्ती विद्यार्थिनी बसली होती. हा शब्द तिच्या घरच्या प्रार्थनेंतला. तिनें मान खालीं घातलेली मीं पाहिली आणि माझें हंसणें तेथेंच थांबलें.

त्या मुलाचा प्रश्न मुळींच हास्यास्पद नव्हता, हें घरीं परततांना माझ्या ध्यानांत आलें. 'तॄ' या संस्कृत धातूचा अर्थ पाणी ओलांडणें, पलीकडे जाणें. तरणें, तारूं, तीर्थ, उतार, अवतार हीं सारीं एकाच घरचीं भावंडें. कोंकणच्या खाडींतून माणसांना पैलतीरीं नेणारी 'तर' तीही याच घरची. नोहाच्या जहाजाला मराठी भाषांतरकारांनीं 'तारूं' म्हटलें आणि मनुष्याला पापांतून सोडविण्याच्या ख्रिस्ताच्या कार्याला 'तारण'. इंग्रजींतील 'साल्व्हेशन' हा शब्द लॅटिन 'साल्वुस' म्हणजे सुखरूप, धडधाकट या शब्दावरून आला. त्यांत पाण्याचा मागमूस नाहीं. मराठी शब्दांत मात्र खाडी आहे, होडी आहे आणि नावाडीही आहे. सावकाराचें तारणसुद्धां या कुळाबाहेरचें नव्हे. दिलेले पैसे 'बुडाले' असें आपण म्हणतों. ते बुडूं नयेत म्हणून जें ठेवून घ्यावयाचें तें तारण. विद्यार्थ्यानें बँकेचें नांव घेतलें तेव्हां तो नकळत त्या धातूच्या दाराशीं जाऊन पोंचला होता. दार उघडण्याचें माझें काम मीं केलें नाहीं.

मुलांची शब्दसंपत्ति वाढावी म्हणून समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून घेण्याची आपल्याकडे चाल आहे. यादींतला शब्द परीक्षेपुरता टिकतो. शब्दाचें कुळ कळलें म्हणजे मात्र एकाबरोबर त्याचे दहा आप्त येतात आणि ते बहुधा परत जात नाहींत. या अभ्यासाला बायबलाच्या मराठी भाषांतराइतकें सोयीचें क्षेत्र मला तरी दुसरें दिसत नाहीं. हिब्रू आणि ग्रीक शब्दांना मराठींत जागा शोधावयाची, तर प्रत्येक मराठी शब्द कोठून आला आणि बरोबर काय घेऊन आला हें तपासावेंच लागतें.

या उद्योगाचे पहिले थोर कर्ते फादर थॉमस स्टीफन्स. हे इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आले आणि १६१९ सालीं तेथेंच निवर्तले. त्यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची मांडणी पुराणाचीच आहे. श्रोता प्रश्न करतो आणि पाद्री-गुरु कथा सांगतो. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांचीं जुनीं पुराणें राज्यकर्त्यांनीं बंद केलीं होतीं. ती रिती जागा त्यांच्याच छंदांत भरून काढण्याचा हा यत्न होता. स्वर्गाला स्टीफन्स 'वैकुंठ' म्हणतात. श्रोत्याला अर्थ तत्काळ कळे, पण त्याबरोबर विष्णूही मनांत येई. पुढच्या प्रत्येक भाषांतरकाराला याच अडचणींतून वाट काढावी लागली. ओळखीचा शब्द घ्यावा तर जुनी श्रद्धा त्याच्या पाठोपाठ येते. नवा घडवावा तर तो कानाला परका लागतो.

आपल्या जिल्ह्याचाही या इतिहासांत वांटा आहे. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचें या प्रांतांतील पहिलें ठाणें मुंबईस पडलें नाहीं. तें १८२३ सालीं बाणकोटास पडलें आणि पुढें हर्णैसही काम सुरू झालें. तेथें या मिशनऱ्यांनीं मराठी शाळा चालविल्या. त्याच मिशनचे जॉन स्टीव्हन्सन यांनीं १८३३ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें. त्याआधीं १८३१ सालीं मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला होता. त्याच्या १८५७ च्या आवृत्तींत सुमारे साठ हजार शब्द आहेत, आणि संस्कृत, अरबी, फारसी असें शब्दाचें मूळ दाखविण्याची सोयही आहे. त्या कोशाचा संक्षेप १८६३ सालीं सिद्ध करणारे बाबा पदमनजी हे १८५४ सालीं ख्रिस्ती झालेले गृहस्थ. 'यमुनापर्यटन'कार म्हणून आपण त्यांना ओळखतों, पण कोशकार म्हणून विसरतों.

आतां कांहीं शब्द पाहूं. बायबलाच्या दोन भागांना मराठींत 'जुना करार' आणि 'नवा करार' म्हणतात. इंग्रजींतील 'टेस्टमेंट' या शब्दाचें लॅटिन मूळ मृत्युपत्राचें आहे. ग्रीक 'दियाथेके' मध्यें मृत्युपत्र आणि करार हे दोन्ही अर्थ नांदतात. हिब्रू 'बरीथ' मात्र दोन पक्षांनीं एकमेकांस दिलेलें वचन. 'करार' हा अरबी शब्द. स्थिर होणें हा त्याच्या धातूचा अर्थ. मराठेशाहीच्या कागदपत्रांतून तो घरोघर पोंचलेला होता. तो निवडल्यानें मराठी वाचक या ठिकाणीं इंग्रज वाचकापेक्षां मूळ हिब्रूच्या अधिक जवळ गेला.

'शुभवर्तमान' हा शब्द मुलांना नेहमीं अडतो. व्याकरणांत वर्तमान म्हणजे चालू काळ. मग शुभ काळ कसला? पण जुन्या मराठींत वर्तमान म्हणजे बातमी, आणि 'वर्तमानपत्र' या शब्दांत तो अर्थ अद्याप जिवंत आहे. ग्रीक 'युआंगेलियोन' म्हणजे चांगली बातमी. त्याचें हें सरळ भाषांतर.

श्रद्धा दाखविणारे तीन शब्द तर शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याजोगे आहेत. 'विश्वास' मध्यें श्वास आहे. ज्याच्यापाशीं मोकळेपणानें श्वास घेतां येतो त्याच्यावर विश्वास. 'श्रद्धा' म्हणजे 'श्रत्' अधिक 'धा', मन एखाद्या ठिकाणीं ठेवणें. लॅटिन 'क्रेदो' ही तिची दूरची बहीण. तिसरा 'इमान'. त्याचा अरबी धातु निर्धास्त, सुरक्षित असण्याचा. अमानत त्यांतूनच आली आणि आपल्या तोंडीं ती 'अनामत' झाली. हिब्रू ही अरबीची सख्खी बहीण. प्रार्थनेच्या शेवटचें 'आमेन' त्याच धातूचें, आणि 'एमुना' हा श्रद्धावाचक शब्दही. एमुनेचा मूळ भाव ढळूं न देणें हा आहे. मराठींतही इमान म्हणजे केवळ मानणें नव्हे; इमानाला जागावें लागतें. खाल्ल्या मिठाला जागणाऱ्या शिपायासाठीं मराठ्यांनीं वापरलेला शब्द आणि चर्चमधला आमेन एका मुळाचे आहेत, हें कळल्यावर वर्गांतला कोणता मुलगा त्या आमेनला परका म्हणेल?

या मुळांपर्यंत स्वतः जाऊन भिडलेली व्यक्ति म्हणजे पंडिता रमाबाई. संस्कृत त्यांना आईकडूनच मिळालें होतें. उतारवयांत त्यांनीं हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि केडगांवच्या मुक्तिसदनांत बसून सबंध बायबलाचें भाषांतर केलें. तेथल्याच छापखान्यांत आश्रमांतल्या स्त्रियांनीं तें छापलें. संस्कृतप्रचुर भाषांतर अल्पशिक्षित बायकांना कळत नाहीं, म्हणून सोपे मराठी शब्द त्यांनीं वेंचून घेतले. १९२२ सालीं त्या वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ सालीं बाहेर आलें. ज्यांना संस्कृत मुखोद्गत, त्यांनींच तें बाजूस सारावें, यांत शिक्षकानें शिकण्याजोगें पुष्कळ आहे. उलट याच जिल्ह्यांत करजगांवीं १८६१ सालीं जन्मलेले टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाल्यावरही ओवी-अभंगांची संतवाणी सोडीत ना. दोघांच्या वाटा निराळ्या, पण शब्दाची पारख सारखीच.

याच रत्नागिरींत १९२४ पासून १९३७ पर्यंत स्थानबद्ध असतांना सावरकरांनीं भाषाशुद्धीची चळवळ चालविली. दिनांक, महापौर यांसारखे तिनें रूढ केलेले शब्द आपण रोज वापरतों आणि त्याबद्दल कृतज्ञ असावें. पण शब्दाचें कुळ विचारण्याचे दोन हेतु असूं शकतात. एक त्याला दाराबाहेर काढण्याचा आणि दुसरा त्याची ओळख करून घेण्याचा. पहिला हेतु धरला तर इमान आणि करार यांबरोबर आपला हापूसही जाईल, कारण तें नांव पोर्तुगीज 'अफोन्सो'चें. आणि काजूलाही ब्राझीलची वाट धरावी लागेल. शिक्षकाला दुसराच हेतु शोभतो. मात्र एक सावधगिरी हवी. मूळ म्हणजे अर्थ नव्हे. अर्थ वापरानें ठरतो. मूळ फक्त तो कोणत्या वाटेनें आला एवढें सांगतें.

बायबलांतले शब्द वर्गांत आणले तर तो धर्मप्रचार होईल, अशी शंका कांहीं पालकांना येते. ती अनाठायीं आहे असें मी म्हणणार नाहीं. शिक्षकानें आपली मर्यादा ओळखलीच पाहिजे. पण शेजाऱ्याच्या प्रार्थनेंतला शब्द न कळल्यामुळें आपण त्याला हंसतों, हा धोका त्याहून मोठा आहे, आणि त्याचा अनुभव मीं घेतला होता.

दुसऱ्या दिवशींचा सबंध तास मीं 'तारण' या एका शब्दावर घेतला. प्रथम आदल्या दिवशींच्या हंसण्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. कोणाचें नांव घेतलें नाहीं. तास संपतांना मागल्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आमच्याकडे चर्चच्या लोकांना 'मंडळी' म्हणतात. तो शब्द कसा आला?" मीं सांगितलें, ग्रीक 'एक्लेसिया' म्हणजे बोलावून जमविलेली सभा. पोर्तुगीजांनीं त्याचें 'इग्रेजा' केलें, त्यावरून आपली इगर्जी. तो शब्द इमारतीचा झाला. मराठी भाषांतरकारांनीं इमारत सोडली आणि माणसें धरलीं. मंडल म्हणजे वर्तुळ. वर्तुळ करून बसलेली ती मंडळी. आपल्या घरीं पानावर बसते तीही मंडळीच. ज्यानें बँकेचा प्रश्न विचारला होता, तो मुलगा हें वहींत उतरून घेत होता. या वेळीं कोणी हंसलें नाहीं.