दोन बोल्ट आणि तीन आकडे : पिकअपच्या थर्मोस्टॅटमधून इतिहास कसा वाचायचा?

पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्या मुलामुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो : "विषय फार छोटा वाटतोय, चालेल का?" या प्रश्नाला नुसतं 'हो' किंवा 'नाही' म्हणून भागत नाही. म्हणून आज तळहातावर मावेल अशी एक वस्तू घेऊ आणि तिच्यातून किती इतिहास निघतो ते बघू. वस्तू आहे अमेरिकन पिकअप ट्रकच्या इंजिनातला थर्मोस्टॅट. तो घरच्या घरी, अंगणात गाडी लावून बदलण्याची तिकडे जुनी सवय आहे.

आधी वस्तू नीट समजून घ्या. वस्तूच्या इतिहासात ही पायरी गाळायची नसते. इंजिन तापतं, म्हणून त्याच्याभोवती पाणी किंवा कूलंट फिरतं आणि रेडिएटरमध्ये जाऊन थंड होतं. पण सुरू झाल्या झाल्या इंजिनाला थंडावा नको असतो, ते लवकर तापायला हवं असतं. थर्मोस्टॅट म्हणजे या वाटेवरचं दार. ठरावीक तापमान येईपर्यंत ते रेडिएटरची वाट बंद ठेवतं, मग हळूहळू उघडतं. आत मेणाची एक छोटी डबी असते. मेण वितळलं की फुगतं, दांडा ढकलतं आणि झडप उघडते. वीज नाही, वायर नाही.

आता १९७० च्या दशकातली शेव्हरलेट सी-१० पिकअप घ्या, व्ही-८ इंजिनाची. तिचा थर्मोस्टॅट बदलायचा तर इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं. रेडिएटरची खालची तोटी उघडून थोडं कूलंट घमेल्यात काढायचं. वरचा होज पाइप सोडवायचा आणि इंजिनाच्या पुढच्या बाजूचं झाकण उघडायचं. ते फक्त दोन बोल्टवर बसलेलं असतं. जुनं पॅकिंग खरवडताना तुकडे आत पडू नयेत म्हणून भोकात फडकं कोंबायचं. नवा थर्मोस्टॅट मेणाची डबी इंजिनाकडे ठेवून बसवायचा, उलटा बसला तर गाडी तापणारच. मग नवं पॅकिंग, दोन्ही बोल्ट सारखे आवळायचे, कूलंट भरायचं. रेडिएटरचं झाकण न लावता इंजिन चालवायचं. झडप उघडली की पातळी खाली जाते, तेवढं परत भरायचं.

काम झालं. आपलं काम मात्र इथून सुरू होतं.

काढलेल्या थर्मोस्टॅटवर सहसा एक आकडा ठोकलेला असतो. तो फॅरनहाइटमधलं तापमान सांगतो, ज्याला झडप उघडायला लागते. जुन्या-नव्या अमेरिकन गाड्यांत तीन आकडे वारंवार दिसतात : १६०, १८० आणि १९५. म्हणजे साधारण ७१, ८२ आणि ९१ अंश सेल्सिअस. इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचारायचं : आकडा का चढत गेला?

सुरुवात आकडा नसलेल्या गाडीपासून करू. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ अशी बनत होती. कारखान्यातून तयार पिकअप म्हणून ती १९२५ मध्ये २८१ डॉलरला विकायला आली. तिच्यात थर्मोस्टॅट नव्हता आणि अगदी सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर वॉटर पंपही नव्हता. गरम पाणी वर चढतं, गार पाणी खाली उतरतं, एवढ्यावर सगळं चाले. कडक हिवाळ्यात लोक रेडिएटरसमोर पुठ्ठा किंवा कापड लावत. म्हणजे तापमान सांभाळायचं काम चालकाकडे होतं, ते यंत्राकडे नंतर गेलं. दुसरीकडे कॅडिलॅकने १९१४ मध्ये आणलेल्या महागड्या व्ही-८ गाडीत थर्मोस्टॅट होता. एकाच काळात श्रीमंताच्या गाडीत दार आणि शेतकऱ्याच्या गाडीत पुठ्ठा. 'शोध कधी लागला' आणि 'लोकांच्या हातात कधी आला' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते असे.

आता १६०. पाणी गोठू नये म्हणून त्या काळी रेडिएटरमध्ये अल्कोहोल घालत. मिथाइल अल्कोहोल ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. पाण्यात मिसळल्यावर हा अंक वाढतो, तरी नुसत्या पाण्यापेक्षा बराच कमी राहतो. इंजिन जास्त गरम ठेवलं की अल्कोहोल उडून जाणार. म्हणून हिवाळ्यात अल्कोहोल वापरणाऱ्यांसाठी कमी तापमानाची झडप. पुढे १९२७ पासून प्रेस्टोन या नावाने इथिलीन ग्लायकॉल बाजारात आलं. ते १९७ अंशांपर्यंत उकळत नाही, म्हणून उडूनही जात नाही. मग १८० चा थर्मोस्टॅट परवडू लागला. पण ग्लायकॉल महाग होतं, आणि अल्कोहोल पुढेही बरीच वर्षं विकलं जात होतं. म्हणून १९५० च्या दशकातल्या दुरुस्ती-पुस्तिकांतही दोन्ही आकडे दिसतात. नवं आलं की जुनं लगेच संपतं, असं मनात धरून संशोधनाला बसू नका.

१९५ चं काय? १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत गाडीच्या धुरावर बंधनं आली आणि १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने ती फार कडक केली. सिलिंडरच्या गार भिंतीलगत इंधन नीट जळत नाही आणि न जळलेला भाग धुरातून बाहेर पडतो. इंजिन जास्त गरम ठेवणं हा त्यावरचा एक उपाय होता. पण सगळं श्रेय कायद्याला देऊन मोकळे होऊ नका. रेडिएटरमध्ये दाब धरणारं झाकण आल्यामुळे कूलंट आणखी उशिरा उकळू लागलं होतं. कायद्याने गरज निर्माण केली, झाकणाने शक्यता. कारणं मांडताना हा फरक लिहायची सवय लावा, मौखिक परीक्षेत उपयोगी पडेल.

याच दाबामुळे थर्मोस्टॅटचं पोटही बदललं. जुन्या थर्मोस्टॅटमध्ये धातूची भाता असलेली नळी असे. आतला द्रव वाफ होऊन तिला ताणत असे. अशी सांधा नसलेली भाता नॉक्सव्हिलच्या वेस्टन फुल्टन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केली. ते आधी हवामान खात्यात होते. पण बाहेरचा दाब वाढला की भातेचा अंदाज चुकतो. मेणाला दाबाचा तसा फरक पडत नाही. सर्जियस व्हर्ने यांनी १९३० च्या दशकात मेणाच्या थर्मोस्टॅटवर पेटंट घेतलं, आणि दाबाच्या रेडिएटरच्या जमान्यात मेणाने भातेला मागे टाकलं.

आता साधनांकडे येऊ. चिल्टन आणि हेन्सच्या दुरुस्ती-पुस्तिका हे या इतिहासाचं मोठं साधन आहे. पण पुस्तिका 'काय करावं' ते सांगते, 'लोकांनी काय केलं' ते सांगत नाही. एक उदाहरण बघा. थर्मोस्टॅट तपासायची जुनी रीत अशी : पाण्याच्या भांड्यात तो दोऱ्याने टांगायचा, शेजारी तापमापक, खाली जाळ, आणि झडप कधी उघडते ते पाहायचं. सूचना साधी आहे. पण भांडं कुठलं? शेगडी कोणाची? घरी दुरुस्ती म्हटलं की चित्रात अंगण आणि पुरुष येतो, आणि ही एक ओळ मात्र आपल्याला स्वयंपाकघरात नेऊन सोडते. ते भांडं कोणाचं होतं हे पुस्तिका लिहीत नाही. ते पत्रांत, रोजनिशीत, मुलाखतींत शोधावं लागेल. साधन गप्प बसतं तिथेच बऱ्याचदा प्रबंधाचा प्रश्न मिळतो.

या वाटेवर आधी चाललेली माणसं आहेत. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच यांचा १९९६ चा लेख ग्रामीण अमेरिकेत शेतकऱ्यांनी मोटारीला आपल्या कामाला कसं जुंपलं ते दाखवतो. कॅथलीन फ्रान्झ यांचं 'टिंकरिंग' मालकांनी केलेल्या बदलांवर आहे, आणि केव्हिन बोर्ग यांचं 'ऑटो मेकॅनिक्स' मेकॅनिकच्या ज्ञानाला समाजाने किती मान दिला त्यावर. तिन्ही वाचा, आणि वाचताना तिघांचे प्रश्न कसे वेगळे आहेत ते टिपून ठेवा.

आणि हा इतिहास संपलेला नाही. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कार आणि हलक्या ट्रकमध्ये प्रमाणित निदान-यंत्रणा आली. इंजिन अपेक्षेइतकं तापलं नाही की आता पी०१२८ हा कोड मिळतो. बोल्ट अजूनही पान्याने सुटतो, पण 'काय बिघडलंय' हे सांगणारी माहिती कंपनीच्या यंत्रणेतून येते. त्या माहितीवर हक्क कोणाचा, यावरच मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काच्या कायद्याला कौल दिला. दोन बोल्टची गोष्ट इथे नागरिकाच्या हक्कापर्यंत येते.

आपल्याकडे हाच भाग घेऊन वेगळा प्रश्न विचारता येईल. "व्हॉल्व्ह काढूनच टाका, गाडी गार राहील," हा सल्ला आपल्या गॅरेजांत ऐकू येतो. इंजिन नीट तापलं नाही तर इंधन जास्त लागतं आणि झीजही वाढते, हे पुस्तकी ज्ञान झालं. तरी सल्ला टिकून आहे. मेकॅनिक 'अडाणी' म्हणून? की उन्हाळा, घाट, भरलेला माल आणि न मिळणारा सुटा भाग यांतून आलेला तो त्याचा हिशोब आहे? पहिलं उत्तर एका वाक्यात संपतं. दुसऱ्यासाठी गॅरेजात जाऊन बसावं लागेल, वही काढावी लागेल.

तेव्हा 'विषय छोटा आहे का' हे विचारण्याआधी तीन गोष्टी तपासा. वस्तूवर काळाची खूण आहे का? ती खूण बदलली असेल तर कारणं एकापेक्षा जास्त दिसतात का? आणि तुमची साधनं कोणाबद्दल गप्प आहेत? तिन्हींना उत्तर मिळत असेल, तर वस्तू कितीही लहान असो, बेलाशक घ्या. मार्गदर्शकांना पटवताना तो आकडा दाखवा.