लाइन मिळण्याचे गणित

यवतमाळचा ०७२३२, पुसदचा ०७२३३ असे आकडे फिरवून परगावी थेट बोलता येऊ लागले, त्यापूर्वी ट्रंक कॉल ‘बुक’ करावा लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार. दर जसा चढे, तशी पाळी लवकर येई. मधल्या तारा मोजक्या आणि बोलणारे पुष्कळ, तेव्हा आधी कोणाला जोडायचे हे ऑपरेटर पाही. सेवेच्या गुणवत्तेचे नियंत्रण म्हणून जे शास्त्र पुढे उभे राहिले, त्याचा गाभा आम्हांला इथेच दिसतो.

तारा किती हव्यात याचा हिशेब कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील गणितज्ञ ए. के. एर्लांग याने मांडला. त्याची प्रसिद्ध सूत्रे १९१७ सालची. वर्गात करून पाहण्याजोगे उदाहरण घेऊ. गावाबाहेर जाणारे कॉल सरासरीने ३ तारा व्यापतील एवढे आहेत. मग ३ तारा पुरतील का? १, ३, ४.५, ४.५ ही पदे मांडा (३ चा घात भागिले त्याच अंकाचे क्रमगुणित). शेवटच्या पदाला बेरजेने, म्हणजे १३ ने, भागा. उत्तर येते सुमारे ०.३५. म्हणजे शंभरातले ३५ कॉल परत फिरणार! तारा ५ केल्या तर ११ फिरतात, ७ केल्या तर २. कॉल ठरावीक अंतराने येत नाहीत, कधी घोळक्याने येतात, कधी मुळीच नाहीत. सरासरी हे घोळके लपवते.

पुढे आवाज, चित्रे, मजकूर सारेच पुडक्यांच्या रूपाने एकाच वाटेने जाऊ लागले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००४ मध्ये अशा ‘पुढच्या पिढीच्या’ जाळ्याची व्याख्या केली. आवाज एका बाजूने पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तर संभाषण सहसा अडत नाही, असे संघाची शिफारस सांगते. २००६ च्या वाय.२१११ या शिफारशीने नव्या कॉलला आत घेण्याआधी वाटेत जागा आहे का, हे विचारणारी यंत्रणा आखून दिली. ट्रंक ऑपरेटरच जणू यंत्रात जाऊन बसला.

पण मोजमाप कुठे करायचे? भारतात १९९७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झाले आणि २००० मध्ये सेवेची मानके आली. मोबाइलचे तुटणारे कॉल २ टक्क्यांच्या आत हवेत, ही मर्यादा पुढे बरीच वर्षे महिन्याच्या आणि पूर्ण सर्कलच्या सरासरीवर तपासली जाई. यवतमाळ ज्या महाराष्ट्र सर्कलमध्ये येते, त्यात गोवा आहे, मुंबई नाही. झरी-जामणीत तुटलेले कॉल पुण्या-नागपुरात लागलेल्या कॉलांमध्ये सहज विरघळत. एर्लांगने दाखवलेलाच हा दोष, फक्त वेळेऐवजी नकाशावर पसरलेला.

२०१७ मध्ये कसोटी बदलली: किमान ९० टक्के सेलनी ९० टक्के दिवस मर्यादा पाळावी. उरलेले १० टक्के सेल कुठले असतील, याचा अंदाज ग्रामीण शिक्षकांना करता येईल. २०२४ च्या नियमांत प्रथमच जिल्हा डोळ्यांसमोर ठेवला गेला. जिल्ह्यातील सेवा ४ तासांहून अधिक बंद पडली तर प्राधिकरणाला २४ तासांत कळवायचे, आणि २४ तासांहून अधिक बंद राहिली तर ग्राहकांना सूट किंवा मुदतवाढ द्यायची. मात्र बंद पडायला हवी ती जिल्हाभराची सेवा. यवतमाळच्या १६ तालुक्यांपैकी एकट्या झरी-जामणीचे फोन दोन दिवस मुके झाले, तर ते या व्याख्येत बसत नाही.