एस्प्लनेडची लाठी आणि आपला दांडपट्टा

आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मर्दानी खेळांचे प्रात्यक्षिक झाले नाही असे वर्ष क्वचितच गेले असेल. हलगी वाजू लागली, दांडपट्टा फिरू लागला, जमिनीवर मांडलेली लिंबे दुभंगू लागली की मागच्या रांगेतले पालकही उभे राहून पाहत. त्या वेळी ध्वनिक्षेपकावरून एक वाक्य हमखास ऐकू येई: हे खेळ शिवकाळापासून जसेच्या तसे चालत आले आहेत. आम्ही विद्यार्थी ते श्रद्धेने ऐकत होतो. पुढे नोकरीनिमित्त काही वर्षे कोलकात्यास राहण्याचा योग आला आणि त्या वाक्यातल्या ‘जसेच्या तसे’ या शब्दांविषयी मनात प्रश्न उभे राहिले. हीरक महोत्सवाच्या या अंकात त्याच प्रश्नांचा थोडा मागोवा घ्यावा, असे मनात आले.

कोलकात्यातील एस्प्लनेड हे आज गजबजलेले ठिकाण आहे. १९८४ साली देशातली पहिली मेट्रो धावली ती याच एस्प्लनेडपासून भवानीपूरपर्यंत. परंतु या नावाचा मूळ अर्थ लष्करी आहे. प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ पासून, इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधावयास घेतला. तोफांच्या माऱ्यात आडोसा राहू नये म्हणून किल्ल्यासमोरची वस्ती उठवून जमीन मोकळी करण्यात आली. अशा मोकळ्या पट्ट्याला एस्प्लनेड म्हणतात. म्हणजे ज्या मैदानावर आज फुटबॉल चालतो आणि शहीद मिनारापाशी सभा भरतात, ते मुळात लढाईसाठी राखलेले रिकामे रान होते.

तेथे एकदा एका वयोवृद्ध बंगाली सहकाऱ्यांशी गप्पा चालल्या असता मी आमच्या दांडपट्ट्याचे वर्णन रंगवून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले आणि हसून म्हणाले, ‘‘तुमची शस्त्रे आम्हांला ठाऊक आहेत. आमच्या आया अजून पोरांना त्यांच्याच भीतीने निजवतात.’’ मी निरुत्तर झालो.

त्यांच्या बोलण्यामागचा इतिहास असा. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसले यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले. तेव्हापासून सुमारे दहा वर्षे मराठ्यांच्या स्वाऱ्या होत राहिल्या. १७४४ मध्ये नबाब अलीवर्दी खानाने तहाच्या बोलणीस बोलावून भास्कररामांना दग्याने ठार केले. १७५१ च्या तहाने चौथाईपोटी वार्षिक बारा लक्ष रुपये ठरले आणि ओरिसा मराठ्यांकडे आला. आपल्या पाठ्यपुस्तकात हा पराक्रम दोन ओळींत संपतो. बंगालमध्ये मात्र त्या काळातील लूट, जाळपोळ आणि अत्याचार यांचे वर्णन गंगारामाच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या समकालीन काव्यात येते आणि ‘बर्गी’ हा शब्द अंगाईगीतात जाऊन बसतो. हा शब्द आपल्याच ‘बारगीर’ शब्दाचे रूप. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर, सरकारी सामानानिशी लढणारा तो बारगीर. लष्करी साहित्याच्या हिशेबातला एक साधा शब्द परमुलखात भीतीचे नाव होऊन बसला. या स्वारीच्या धास्तीने कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सात मैलांपैकी सुमारे तीन मैल खणून झाला. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. पुढे १७९९ च्या सुमारास तो ‘मराठा खंदक’ बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला.

आता दीडशे वर्षे पुढे यावे. १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून तलवार बाळगणेही गुन्हा ठरला होता. हातात उरली ती काठी. काठी हे कायद्याच्या दृष्टीने शस्त्र नव्हते, आणि म्हणूनच महाराष्ट्रात काय किंवा बंगालमध्ये काय, तालमींना पुन्हा तेज आले ते काठीच्या आधाराने. बंगालमध्ये १९०२ साली अनुशीलन समिती स्थापन झाली. बॅरिस्टर प्रमथनाथ मित्र तिचे अध्यक्ष होते आणि लाठी हे तिच्या शिक्षणाचे प्रमुख अंग होते. त्याच सुमारास बडोद्याहून अरविंद घोष यांनी जतींद्रनाथ बंदोपाध्याय यांना कोलकात्यास धाडले. हे जतींद्रनाथ गायकवाड सरकारच्या फौजेत शिपाईगिरी शिकलेले. त्यांनी आपला आखाडा काढला तो अप्पर सर्क्युलर रोडवर. मराठ्यांना अडविण्यासाठी खणलेल्या खंदकावरून जो रस्ता गेला, त्याच रस्त्यावर एका मराठी संस्थानाच्या फौजेत तयार झालेला बंगाली तरुण मुलांना कसरत शिकवू लागला. इतिहासाने एवढे वळण घेण्यास दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला.

या वळणाला आणखीही हात लागले होते. देवघरजवळ जन्मलेले सखाराम गणेश देऊस्कर हे घराण्याने मराठी, लेखणीने बंगाली. त्यांच्या प्रयत्नाने बंगालमध्ये शिवाजी उत्सव रुजला. १९०४ मध्ये त्यांच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी शिवाजी महाराजांवर कविता लिहिली आणि १९०६ च्या कोलकात्याच्या उत्सवास लोकमान्य टिळक स्वतः उपस्थित राहिले. सरलादेवी चौधुराणी यांनी महाराष्ट्र जवळून पाहिला होता. त्यांचे मामा सत्येंद्रनाथ ठाकूर मुंबई इलाख्यात सनदी अधिकारी होते व त्यांच्याकडे सोलापुरास त्या राहून आल्या होत्या. १९०३ मध्ये त्यांनी जेसोरच्या प्रतापादित्याच्या नावे उत्सव भरविला. त्यात व्याख्यानांपेक्षा कुस्ती, लाठी आणि तलवारीचे हात यांना महत्त्व होते. आपल्या घरच्या आवारात मुलांना हे शिक्षण देण्यासाठी त्यांनी उस्ताद नेमले ते मुर्तझा नावाचे. पुढे ढाक्याच्या अनुशीलन समितीचे नेते झालेले आणि लाठी व तलवारीच्या शिक्षणावर पुस्तक लिहिणारे पुलिनबिहारी दास हेही याच मुर्तझांचे शिष्य.

येथे आपल्याकडील दोन नावे आठवावीत. पुण्यात जोतीराव फुले यांना दांडपट्टा शिकविला तो लहुजी वस्ताद साळवे यांनी. लहुजी मांग समाजातले. बडोद्यात प्रो. माणिकरावांनी ज्यांच्या नावे प्रसिद्ध व्यायाममंदिर चालविले ते त्यांचे गुरू जुम्मादादा मुसलमान होते. पुणे, बडोदे आणि कोलकाता या तिन्ही ठिकाणी विद्या देणाऱ्याची जात वा धर्म एक आणि घेणाऱ्याचा दुसरा. आखाड्याची परिभाषाही हेच सांगते. वस्ताद, तालीम, पवित्रा हे शब्द आपण एका दमात बोलतो. त्यांतले पहिले दोन फारसी-अरबी वळणाचे आणि तिसरा देशी. बंगालच्या लाठीतील वारांची नावे शिर, तमेचा, बाहेरा अशी आहेत. डोक्यावर बसणारा वार शिर आणि गालाच्या रोखाने येणारा तमेचा, हे मराठी माणसास समजावून सांगावे लागत नाही.

मग वेगवेगळ्या हातांमधील चुरस कशाची? ती मुख्यतः हत्याराच्या घडणीतून येते. दांडपट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हाताला चिलखतासारखी झाकते; आतल्या आडव्या दांडीवर पकड असते. त्यामुळे मनगट जवळजवळ जखडले जाते आणि वार करावयाचा तो खांद्यातून व कमरेतून, अंग फिरवीत. पाते लांब, दुधारी आणि लवचीक. ते थांबविले की त्याचा जोर संपतो. म्हणून पट्टेकरी फिरत राहतो आणि अनेकांच्या गराड्यात तो भारी पडतो. तलवारीच्या मुठीत मात्र मनगटास थोडी मोकळीक असते. तिचा वार जवळून, ओढून कापणारा, आणि डाव्या हातातील ढाल हे तिचे अर्धे बळ. विट्याला दोरी असते, म्हणून फेकलेला भाला परत ओढता येतो. लाठीला धार नाही. पण तिची दोन्ही टोके मारतात आणि मधला भाग अडवितो. युरोपीय तलवारबाजांनी भोसकण्यावर भर दिला, आपल्याकडे कापण्यावर. तरीही सरळ, लांब युरोपीय पाती पोर्तुगीजांमार्फत येथे आली, त्यांना आपल्या मुठी बसल्या आणि तिचे नाव ‘फिरंग’ पडले. शत्रूचे चांगले पाते नाकारण्याचा सोवळेपणा आपल्या पूर्वजांनी केला नाही.

खुद्द पट्टाही एका बाजूचा नव्हता. सभासद बखरीतला प्रतापगडाचा प्रसंग आठवा. १६५९ च्या नोव्हेंबरात शिवरायांवर धावून आलेल्या सय्यद बंडाच्या हाती पट्टाच होता. जिवा महाला यांनी तोडला तो पट्टा धरलेला हात. २०२४ साली शिवजयंतीच्या दिवशी दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, हे योग्यच झाले. पण तो चालविणारे दोन्ही छावण्यांत होते, हेही ध्यानी असावे.

खऱ्या धारेने सराव करता येत नाही. केल्यास शिष्य उरत नाहीत. म्हणून प्रत्येक परंपरेने लटके हत्यार घडविले. आपल्याकडे फरी-गदका आहे. फरी म्हणजे चामड्याची लहान ढाल, गदका म्हणजे चामडे चढविलेली काठी. बोथाटी म्हणजे पाते नसलेला भाला. टोकाला कापडाचा बोळा बांधून तो रंगात बुडविला की वार कोठे लागला ते अंगरख्यावर दिसते. पाश्चात्त्य देशांतही मध्ययुगीन युद्धकलेचे पुनरुज्जीवन करणारे याच अडचणीत सापडले. स्कॉटलंडमध्ये १८३९ साली एग्लिंटन येथे उमरावांनी चिलखते घालून भाल्यांची झुंज योजली. पावसाने तिचा पार चिखल केला. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात काही हौशी मंडळींनी संस्था काढली. तिच्या तलवारी वेताच्या असतात, कारण वेत वाकतो पण त्याच्या ढलप्या उडत नाहीत. २०१० पासून युक्रेनमधील खोतिन येथे सुरू झालेल्या सामन्यांत मात्र बोथट केलेले पोलादच चालते. वेतवाले आणि पोलादवाले परस्परांस कमी लेखतात. आपल्या तालमींत पट्टेकरी आणि लाठीवाले यांच्यात जी थट्टा चालते, तिचाच हा सातासमुद्रापलीकडील अवतार म्हणावा.

बंगालमध्ये ही चुरस थट्टेवर थांबली नाही. प्रमथनाथ मित्रांचा भर दीर्घ तयारीवर, शरीर आणि शिस्त घडविण्यावर होता. बारींद्र घोष आणि त्यांच्या तरुण सोबत्यांना लाठी फिरवीत बसणे पुरेसे वाटेना. १९०६ मध्ये ‘जुगांतर’ पत्र निघाले, १९०८ मध्ये माणिकतळ्याच्या बागेतील बाँबचा कारखाना उघडकीस आला आणि १९०९ मध्ये सरकारने समित्यांवर बंदी घातली. काठी की बाँब, हा वाद त्या पिढीने जीव पणाला लावून केला. पुलिनबाबू काळ्या पाण्याची शिक्षा भोगून आले आणि १९२८ मध्ये त्यांनी कोलकात्यात पुन्हा व्यायाम समिती काढून लाठीच शिकविली. त्यानंतर चारच वर्षांनी गुरुसदय दत्त यांनी व्रतचारी चळवळ उभी केली आणि वीरभूमकडील रायबेंशे हे जुने योद्धानृत्य शाळाशाळांत नेले. आपल्याकडे त्याच काळात बडोद्याहून दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांचा दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ प्रसिद्ध होत होता. आज आपण ज्याला शिवकालीन म्हणतो त्या खेळाचे क्रम, हुकूम आणि सामुदायिक कवायत यांचा पुष्कळसा भाग या काळात बसविला गेला. हत्यारे जुनी, वारही जुने. पण रांगेत उभे राहून शिटीवर एकदम पवित्रा घेणारी शंभर मुले ही विसाव्या शतकाची निर्मिती आहे.

यामुळे मर्दानी खेळांचे मोल कमी होते काय? मला तसे वाटत नाही. उलट, ‘जसेच्या तसे’ या दोन शब्दांनी जे झाकले जाते तेच अधिक मोलाचे आहे. राज्य गेले, हत्यार जप्त झाले, तरी वस्तादांनी काठीत विद्या जपली. ती देताना त्यांनी शिष्याची जात विचारली नाही आणि शिष्यांनी गुरूचा धर्म पाहिला नाही. मराठ्यांच्या भीतीने खंदक खणणाऱ्या शहराने त्यांच्याच राजाचा उत्सव मांडला. मात्र त्या उत्सवाने अंगाईगीत पुसले गेले नाही; बंगालच्या स्मरणात शिवाजी आणि बर्गी दोन्ही आहेत. आपल्या स्मरणातही दोन्ही असावेत. शस्त्राचा अभिमान बाळगणाऱ्याने ते शस्त्र कोणाच्या अंगणात उतरले होते, हेही सांगण्याइतके धैर्य ठेवावे.

कोलकाता सोडण्यापूर्वी मी त्या सहकाऱ्यांना निरोप द्यावयास गेलो, तेव्हा बर्गींविषयी जे आम्हांला शाळेत शिकविले गेले नव्हते ते मी मधल्या काळात वाचले असल्याचे सांगितले. त्यांनी पुलिनबाबूंचा विषय काढला आणि बराच वेळ आम्ही मुर्तझा उस्ताद व लहुजी वस्ताद यांच्याविषयी बोलत राहिलो.

शाळेकडे एवढेच मागणे आहे. पुढील संमेलनात पट्टा फिरू लागेल तेव्हा निवेदकाने ते जुने वाक्य बाजूला ठेवावे आणि लहुजी साळवे, जुम्मादादा आणि मुर्तझा ही तीन नावे घ्यावीत. शेजारी कोलकात्याच्या त्या बुजलेल्या खंदकाचीही गोष्ट सांगावी. मुलांना ती कळेल. आणि लिंबे पूर्वीइतकीच सफाईने दुभंगतील.