कर्णनाद आणि मन

बाहेर कोणताही ध्वनी नसता कानात घुमणाऱ्या आवाजास सुश्रुतसंहितेने ‘कर्णनाद’ म्हटले आणि त्याची गणना कर्णरोगांत केली. परंतु हा नाद कानापाशीच थांबत नाही, तो मनालाही गाठतो, याची साक्ष युरोपातील दोन थोर संगीतकारांच्या चरित्रांत मिळते.

२९ जून १८०१ रोजी व्हिएन्ना येथून बेथोव्हनने आपला जुना मित्र डॉक्टर वेगेलर यास पत्र लिहिले. कानांत अहोरात्र गुणगुण चाललेली असते आणि जवळजवळ दोन वर्षे आपण लोकांत मिसळणेच टाळीत आहो, असे त्याने कळविले. संगीतकाराने आपणांस ऐकू येत नाही हे चारचौघांत सांगावे तरी कसे? पुढील वर्षी ६ ऑक्टोबरला हायलिगेनश्टाट या खेड्यात त्याने भावांना उद्देशून दुसरे पत्र लिहिले. आत्मघाताच्या विचारापर्यंत आपण पोचलो होतो, केवळ कलेने मागे फिरविले, अशी त्यात कबुली होती. ते पत्र त्याने कधीच पाठविले नाही. १८२७ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर ते कागदपत्रांत सापडले.

बोहेमियाच्या स्मेतानाने मात्र आपले दुःख जगासमोर मांडले. १८७४ साली, पन्नाशीत, कानांतील नादामागोमाग त्यास पूर्ण बहिरेपण आले. १८७६ मध्ये रचलेल्या ‘माझ्या जीवनातून’ या तंतुवाद्य-चतुष्टकाच्या अखेरच्या भागात आनंदी नृत्यसंगीत एकाएकी थांबते आणि पहिले व्हायोलिन एकच अतितार स्वर लांबवीत राहते. तो त्याच्या कानांत वाजणारा स्वर होय.

या अनुभवांमागील कारणमीमांसा पुढे विज्ञानाने केली. १९९० मध्ये यास्त्रेबॉफ या शास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले की, नाद किती मोठा यापेक्षा मेंदूतील भावनाकेंद्रे त्यास धोक्याची खूण मानतात की नाही, यावर त्रास अवलंबून असतो. भीतीने लक्ष तिकडे ओढले जाते, लक्ष गेल्याने नाद अधिक जाणवतो, झोप उडते आणि चिंता बळावते. म्हणूनच आजच्या उपचारांत कानाच्या तपासणीबरोबर समुपदेशन व विचारांना वळण देणारी मानसोपचारपद्धती यांना स्थान आहे. नाद पुष्कळदा जात नाही. त्याचा जाच मात्र कमी होऊ शकतो.

तेव्हा घरातील कोणी अशी तक्रार केली, तर ‘नुसता भास’ म्हणून ती उडवून लावू नये. बेथोव्हनचे दुःख पंचवीस वर्षे कागदांत दडून राहिले. ते ऐकून घेणारे कोणी जवळ हवे होते.