सनद आणि संदर्भ

देगलूर हे आमचे गाव सीमेवरचे. एका अंगाला तेलंगणा, दुसऱ्या अंगाला कर्नाटक. गावात मराठी, दखनी, तेलुगू आणि कन्नड अशा सगळ्याच बोली कानी पडतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील जुन्या घरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत जे कागद सापडतात, ते काही फार्सीत, काही मोडीत आणि बरेचसे उर्दूत असतात. १८८० च्या दशकात संस्थानाच्या कारभारात फार्सीची जागा उर्दूने घेतली, त्याचा हा परिणाम होय.

काही वर्षांपूर्वी एक संशोधक विद्यार्थी आपल्या प्रबंधाचे एक प्रकरण घेऊन आमच्याकडे आला. विषय इनाम जमिनींचा होता. मजकूर मेहनतीने लिहिलेला होता, पण शेवटच्या संदर्भसूचीत एक ओळ होती : 'जुने उर्दू कागद, देगलूर'. कोणाचे कागद? कोणत्या सनाचे? कोणी वाचून दाखवले? ज्या वृद्ध गृहस्थांनी ते दाखवले होते, ते तोवर अल्लाहला प्यारे झाले होते आणि पेटीतले कागद रद्दीत गेले होते. मुलाने पाहिले होते ते खरे होते. पण आता ते कोणालाच दाखवता येत नव्हते.

संदर्भसूची ही पदवीसाठी उरकायची कटकट आहे, अशी समजूत आपल्या मुलांमध्ये रुजली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते, साठ टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणी रद्द होते. तेव्हापासून संदर्भाचा संबंध टक्केवारीशी आणि शिक्षेशी जोडला गेला. संदर्भ म्हणजे पोलिसाला दाखवायचा परवाना! आमच्या मते ही समजूत आपल्या स्वतःच्या परंपरेचा विसर पडल्याची खूण आहे.

'सनद' हा शब्द आपण जमिनीच्या किंवा इनामाच्या कागदासाठी वापरतो. मूळ अरबीत त्याचा अर्थ आधार, ज्याला टेकावे ते. हदीसशास्त्रात कथन करणाऱ्यांच्या साखळीलाही सनदच म्हणतात आणि ती साखळी सांगण्याला इस्नाद. इमाम बुखारी (इ. स. ८१०–८७०) यांच्या संग्रहातील पहिली हदीस नियतविषयी आहे. तिच्या आधी नावे येतात : हुमैदी, त्यांना सांगणारे सुफियान, त्यांना याह्या बिन सईद, त्यांना महंमद बिन इब्राहीम, त्यांना अलकमा आणि त्यांना हजरत उमर. आधी साखळी, मग मजकूर. साखळीतील प्रत्येक माणूस कोण, कोठला, त्याची स्मरणशक्ती कशी, तो सांगणाऱ्याला भेटला असणे शक्य होते काय, हे तपासणारे 'अस्मा-उर-रिजाल' नावाचे स्वतंत्र शास्त्र उभे राहिले.

या शास्त्रात 'तदलीस' नावाचा एक दोष सांगितला आहे. मधल्या माणसाचे नाव गाळायचे आणि आपण थेट वरच्याकडूनच ऐकले असा भास निर्माण करायचा, याला तदलीस म्हणतात. आज आपल्या प्रबंधांत हेच चालते. निलंग्यात १९१० साली जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी भीमसेन सक्सेना, खाफीखान यांचे फार्सी लेखन मराठीत आणले. विद्यार्थी पगडींचे मराठी वाचतो आणि सूचीत मूळ फार्सी ग्रंथाचे नाव ठोकून देतो. पगडी गायब! फार्सी येत नसणे हा गुन्हा नाही. कोणाच्या हातून पाणी प्यालो ते लपवणे हा मात्र गुन्हा आहे.

दख्खनच्या इतिहासकारांनाही ही शिस्त ठाऊक होती. विजापूरच्या दरबारात इ. स. १६०६ च्या सुमारास आपला इतिहास सिद्ध करणाऱ्या फरिश्त्याने आरंभीच आपण वापरलेल्या ग्रंथांची यादी दिली आहे. त्याच्या आधी अकबराच्या दरबारातील निजामुद्दीन अहमदने 'तबकात-ए-अकबरी'त तसेच केले होते. पाश्चात्त्य जगात लेखकाचे नाव व वर्ष कंसात देण्याची पद्धत हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांच्या १८८१ च्या प्रबंधापासून सुरू झाली असे मानतात. शिकागोची नियमपुस्तिका १९०६ ची आणि अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे सात पानी नियम १९२९ चे. हे नियम उपयुक्त आहेत आणि ते शिकलेच पाहिजेत. पण ते ज्या समाजात घडले, तेथे प्रत्येकाला आडनाव होते आणि सन एकच होता. आपली अडचण येथून सुरू होते.

आधी नावांचे पाहू. आमच्याकडे 'शेख महेबूब शेख इस्माईल' असे नाव सर्रास असते. यात शेवटचे नाव बापाचे आहे. 'शेवटचा शब्द आधी' हा नियम डोळे मिटून लावला की पुस्तक लिहिले मुलाने आणि लेखक ठरला बाप! अब्दुल रहमानचे तर 'रहमान, अ.' होते. रहमानचा बंदा जाऊन रहमानच लेखक! खुद्द फरिश्त्याचे नाव महंमद कासिम हिंदू शाह. यंत्र त्याला 'शाह' खाली टाकील आणि वाचक 'फ' खाली शोधत बसेल. शाहीर अमर शेख मूळचे महेबूब हुसेन पटेल. त्यांना कोठे शोधायचे? ग्रंथालयशास्त्राचा सल्ला साधा आहे. लेखक ज्या नावाने ओळखला जातो, त्या नावाखाली नोंद करा आणि सगळीकडे तीच ठेवा. झोटेरोसारख्या मोफत संगणक-प्रणालीतही नाव न तोडता एकाच रकान्यात ठेवण्याची सोय आहे.

दुसरी अडचण सनांची. मोडी कागदांत सुहूर सन असतो आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत : इसन्ने, सल्लास, अर्बा. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. हिजरी सन चांद्र असल्यामुळे तेथे ठराविक बेरीज चालतच नाही. निजामी कागदांत फसली सन येतो. संस्थानाच्या अखेरच्या दशकांत त्याचे वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होई. म्हणून १३३५ फसलीचा आजूर इसवी १९२५ मध्ये पडतो, तर त्याच वर्षाचा तीर महिना १९२६ मध्ये. सरसकट ५९० मिळवणारा वर्षभराने चुकतो. म्हणून मूळ सन जसा आहे तसा लिहावा आणि इसवी सन कंसात द्यावा.

अशा कागदाची नोंद कशी असावी? कागदाचा प्रकार, कोणी कोणास दिला, मूळ तारीख व इसवी सन, भाषा व लिपी, मोहोर, सध्या कोणाच्या संग्रहात, कोणी वाचला, आपण केव्हा पाहिला. मालकाने नाव छापू नये असे सांगितल्यास 'खाजगी संग्रह, देगलूर' एवढे पुरे, पण छायाचित्र जपून ठेवावे. एवढे सात-आठ शब्द त्या विद्यार्थ्याने लिहिले असते, तर कागद गेल्यावरही त्याची साक्ष उरली असती.

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मोल आले. कोणता दस्त, कोणते वर्ष, कोणते पान, यावर माणसांचे हक्क ठरू लागले. ज्या उर्दूकडे आपणच पाठ फिरवली होती, तिची गरज साऱ्या मराठवाड्याला पडली.

मराठी मुसलमानांच्या इतिहासाबद्दल पुरावा मागितला जातो, तेव्हा आपण दुखावतो. पुरावा मागणाऱ्याची नियत काहीही असो, पुरावा ठेवणे आपले काम आहे. तो विद्यार्थी पुन्हा आमच्याकडे आला, तेव्हा त्याच्याकडे दुसऱ्या एका घरातल्या पेटीची माहिती होती. या वेळी त्याने वही काढून पहिला प्रश्न विचारला, "चाचा, यात तीर म्हणजे कोणता महिना?"