घरालगतची कार्यशाळा व कोठार (महाराष्ट्र)

घरालगतची कार्यशाळा व कोठार : राहत्या घराच्या आवारात, किंवा घराला लागून असलेल्या स्वतःच्या जागेत, हत्यारे, यंत्रे, कच्चा माल व तयार वस्तू यांच्यासाठी उभारलेली स्वतंत्र इमारत. बोलताना तिला शेड, वर्कशॉप, गोडाऊन किंवा नुसते ‘मागचे पत्रे’ म्हणतात. कायद्याच्या पुस्तकात तीच इमारत कधी घराचे पूरक बांधकाम ठरते, कधी शेतघर, कधी सेवा उद्योग, तर कधी गोदाम. आणि ती कोणत्या खणात बसते त्यावर जागा, उंची, वीज, कर व परवानगी देणारे कार्यालय हे सगळे बदलते. या नोंदीत मुंबई महानगरपालिकेची हद्द वगळून उरलेल्या महाराष्ट्राचा विचार केला आहे.

घर आणि कामाची जागा एकाच आवारात असणे इथे जुनेच आहे. सुताराचे काम पडवीत चाले, लोहाराची भट्टी अंगणाच्या कडेला असे, धान्य कणगीत नाहीतर पेवात राही. इचलकरंजी आणि मालेगावात यंत्रमाग घराला चिकटून वाढले. पेण तालुक्यातले गणपतीचे कारखाने हे या प्रकाराचे सर्वांत बोलके उदाहरण. मूर्ती वर्षभर घडतात आणि बाहेर पडतात त्या मुख्यतः भाद्रपदाच्या तोंडावर. म्हणजे एकाच इमारतीला कारखाना आणि कोठार दोन्ही व्हावे लागते, तेही ऐन पावसाळ्यात. मूर्तीवर मूर्ती रचता येत नाही. म्हणून फळ्यांच्या मांडण्या जमिनीपासून कैचीपर्यंत, म्हणजे छपराच्या त्रिकोणी सांगाड्यापर्यंत, चढत जातात. दाराची उंची ठरते ती सर्वांत मोठी मूर्ती पाटासकट, चौघांनी उचलून, मुकुटाला धक्का न लागता बाहेर काढता येईल अशी. इमारतीचे माप आतल्या वस्तूने ठरवावे, हे तत्त्व इथल्या कारागिरांनी कोणत्याही नियमावलीच्या आधीपासून पाळलेले आहे.

परवानगीच्या बाबतीत सर्वांत मोठा घोळ होतो तो एका गैरसमजातून. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नोंद झाली, घरपट्टीची पावती मिळाली, की बांधकाम कायदेशीर झाले असे पुष्कळजण धरून चालतात. कर हा असलेल्या बांधकामावर बसतो; ते बांधायला परवानगी होती की नाही, याचे उत्तर त्या पावतीत नसते. अशी पावती जपून ठेवलेल्या माणसाला दहा वर्षांनी, कर्ज काढताना किंवा वाटणी करताना, शेड ‘अनधिकृत’ आहे हे कळते तेव्हा आपली काहीच चूक नव्हती असे त्याला मनापासून वाटत असते. म्हणून तीन प्रश्न वेगळे ठेवणे आवश्यक आहे: जमीन कशासाठी आहे, बांधकाम कसे आहे, आणि आत काय चालणार आहे. प्रत्येकाचे उत्तर वेगळ्या कायद्यात आहे.

जमिनीचा प्रश्न महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये येतो. शेतजमिनीचा अकृषिक वापर करण्यावर ही संहिता निर्बंध घालते. गेल्या दशकभरात ही अट टप्प्याटप्प्याने सैल होत आली आहे. विकास आराखड्यात असलेल्या जमिनींसाठी, तसेच गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींच्या निवासी वापरासाठी, स्वतंत्र बिनशेती परवानगीऐवजी ठरावीक आकारणी भरून वापर बदलल्याचे मानण्याची सोय झाली. औद्योगिक वापरासाठी राखलेल्या क्षेत्रात खऱ्याखुऱ्या उद्योगासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. वापर सुरू केल्यावर ३० दिवसांत तहसीलदारांना कळवायचे असते. या तरतुदी वरचेवर बदलतात. त्यामुळे शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी कोणता कागद काढला होता यावर विसंबू नये.

‘शेतघर’ या शब्दाचा आधार फार घेतला जातो, म्हणून त्याचा अर्थ नीट पाहायला हवा. संहितेच्या व्याख्येत शेतीची अवजारे, खत, वैरण व शेतमाल साठवणे, गुरे बांधणे, आणि जमीनधारकाचे कुटुंब, नोकर किंवा कुळे यांनी राहणे एवढे येते. शिवाय लागवडीचा अविभाज्य भाग असलेली इतर कामे. ट्रॅक्टर, नांगर आणि फवारणीपंप ठेवण्याची व ते दुरुस्त करण्याची शेड यात सहज बसते. गावातल्या इतरांचे ट्रॅक्टर पैसे घेऊन दुरुस्त करणारे गॅरेज बसत नाही, मग पत्रे तेच असोत आणि पाना धरणारा हातही तोच असो.

अर्जाआधी सातबारा पुढच्या-मागच्या नोंदींसकट वाचावा. भोगवटादार वर्ग-२ ची जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी व बहुधा नजराणा लागतो. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा, वाट, पाटबंधाऱ्याची नोंद सापडते. गावठाणात किंवा शहरात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका पाहायची. हद्दीबद्दल जराही शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. मोजणीचा खर्च वाचवून बांधावर उभारलेला खांब हा भावाभावांतल्या भांडणाचा नेहमीचा आरंभ असतो.

दुसरा प्रश्न बांधकामाचा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ या शब्दाची व्याख्या रुंद आहे: जमिनीवर, जमिनीखाली किंवा जमिनीच्या वर केलेले कोणतेही बांधकाम, आणि इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरातला लक्षणीय बदलसुद्धा. ‘नटबोल्टची आहे, केव्हाही काढता येते’ असे सांगून शेड परवानगीतून सुटत नाही. एक सवलत मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. राहत्या घराला जोडलेली इमारत किंवा जमीन घराच्या राहणीला पूरक अशा कामासाठी वापरली, तर तेवढ्या वापरासाठी वेगळी परवानगी लागत नाही. निवृत्त माणसाने स्वतःच्या हौसेसाठी आधीच असलेल्या खोलीत लेथ आणि रंधा मांडणे यात मोडते. त्यासाठी नवी इमारत बांधायची असेल तर बांधकामाची परवानगी लागतेच.

बांधकामाचे तपशील २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत आहेत. मुंबई महानगरपालिका, औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे, गिरिस्थान नगरपरिषदा, पर्यावरण संवेदनशील क्षेत्रे अशी काही ठिकाणे सोडून ती राज्यभर लागू आहे. रस्त्याच्या रुंदीवर आणि भूखंडाच्या आकारावर सामासिक अंतरे (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा), चटई क्षेत्र आणि उंची ठरते. छोट्या भूखंडांना तिने मोठा दिलासा दिला. १५० चौ.मी. पर्यंतच्या भूखंडावर, परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्याच्या सहीचे नकाशे दाखल करून शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी मानली जाते. त्यापुढे ३०० चौ.मी. पर्यंत दहा दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. मोठी कार्यशाळा म्हटली की भूखंड बहुधा याहून मोठा असतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौ.मी., म्हणजे तीन गुंठ्यांच्या पुढे पूर्ण प्रस्ताव आलाच. ५०० चौ.मी. व त्यावरील भूखंडांना पावसाचे पाणी साठवण्याची किंवा मुरवण्याची व्यवस्था बंधनकारक आहे.

अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते. या ‘मानीव परवानगी’चा आधार घेताना नकाशा नियमांत तंतोतंत बसणारा असावा लागतो, नियमबाह्य भाग मानीव परवानगीनेही अधिकृत होत नाही. अनधिकृत बांधकामाला एक महिना ते तीन वर्षे कारावास आणि दोन हजार ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. प्रत्यक्षात माणसाला जास्त झळ लागते ती पाडण्याच्या नोटिशीची.

नकाशात न दिसणाऱ्या तीन रेषा जागेवर जाऊन पाहाव्या लागतात. पहिली, रस्त्याकडेची इमारत रेषा व नियंत्रण रेषा. राज्यमार्ग किंवा राष्ट्रीय महामार्ग जवळ असेल तर ती भूखंडाचा मोठा तुकडा खाते. दुसरी, नदीची पूररेषा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा साधारण १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करू देत नाहीत. सांगली-कोल्हापुरात २०१९ मध्ये आणि चिपळुणात जुलै २०२१ मध्ये पाणी कुठवर आले होते, ते भिंतींवरच्या खुणांवरून अजून सांगणारी माणसे आहेत. त्यांना विचारल्याशिवाय जोत्याची उंची ठरवू नये. तिसरी रेषा डोक्यावरून जाणाऱ्या तारांची. ११ केव्ही वाहिनीपासून इमारतीचे आडवे अंतर किमान १.२ मी. आणि उभे ३.७ मी. असावे लागते. उंच शेडच्या कैच्या चढवताना क्रेन किंवा लांब पाइप तारेला लागून झालेले अपघात गावोगावी ऐकायला मिळतात.

तिसरा प्रश्न आत काय चालणार याचा. नियमावलीतील सेवा उद्योगांच्या तक्त्यात प्रत्येक धंद्यासमोर तीन मर्यादा असतात: अश्वशक्ती, कामगारांची संख्या आणि क्षेत्र. निवासी विभागात सुतारकाम चालेल की नाही, यापेक्षा किती एचपीवर चालेल हे पाहावे लागते. घरगुती मीटरवर धंदा चालवला तर विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरू शकतो आणि तसे झाल्यास आकारणी दुप्पट दराने होते. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. हाती धरायचा ग्राइंडर जवळून ९० च्या वर जातो. शेजाऱ्याची तक्रार बहुतेक वेळा परवानगीपासून सुरू होत नाही, रविवारी दुपारच्या ग्राइंडरपासून होते. थिनर आणि पेट्रोल मिळून ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येते. तेवढेही लाकडाच्या भुशाजवळ ठेवू नये. रंगाची खोली वेगळी, बाहेरून उघडणारी, खाली वायुवीजन असलेली असावी, कारण या वाफा हवेहून जड असतात आणि फरशीलगत साचतात.

नियोजन करताना आतून बाहेर यावे. कागदावर आधी यंत्रे मांडायची. आठ बाय चार फुटांचे प्लायवुड लांबीत कापायचे तर करवतीच्या पात्यापुढे आठ आणि मागे आठ फूट मोकळे लागतात. लोखंडी पाइप सहा मीटर लांब येतो, सळई बारा मीटर. सहा मीटरचा पाइप न वळवता आत घेण्यासाठी दार लांब बाजूला नव्हे तर आखूड बाजूला, पाइपाच्या रेषेत हवे. कोठार आणि काम यांच्यामध्ये पक्की भिंत असावी. धूळ, ठिणग्या आणि उंदीर तिघांसाठीही ती उपयोगी पडते. माळा करायचा असेल तर तो पहिल्याच नकाशात दाखवावा, कारण नंतर कैचीला लटकवलेला माळा हा कैचीच्या हिशेबात नसतो.

जमीन काळी असेल तर पाया हा सगळ्यात महत्त्वाचा खर्च. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर सरळ ओतलेली फरशी दोन उन्हाळ्यांत तडकते आणि लेथची पातळी जाते. हलक्या शेडसाठी काळी उकरून मुरूम भरणे, थर पाणी मारून दाबणे, त्यावर सोलिंग आणि काँक्रीट ही रूढ पद्धत आहे. खोल काळीत खाली बल्बासारखे रुंद होणारे अंडर-रीम्ड पाइल वापरतात. ते भारतात रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केले.

छपराचा शत्रू वजन नसून वारा आहे. भारतीय मानकानुसार मुंबई व नागपूर येथे मूलभूत वाऱ्याचा वेग ४४ मी. प्रतिसेकंद, पुणे व नाशिक येथे ३९ धरतात. वारा पत्रा वर उचलतो, आणि वाऱ्याच्या बाजूचे शटर उघडे राहिले तर आतूनही ढकलतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडात पत्रे उडाले. पत्रा धरून ठेवणारी वस्तू म्हणजे बोटाएवढा जे-हूक किंवा स्क्रू आणि त्याखालचा वॉशर. तो पत्र्याच्या उंचवट्यावर बसवतात, खळग्यात नाही, कारण खळग्यातून पाणी वाहते. कडेला, कोपऱ्यात आणि आढ्यालगत ओढ सर्वांत जास्त असते, तिथे हूक दुप्पट लावावे लागतात. रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतो आणि गळती तिथूनच सुरू होते. दर वर्षी मृगाच्या आधी एक माणूस फळी टाकून वर चढवला तर मालाचे नुकसान टळते. पाण्याचा हिशेबही करून पाहावा: कोकणात तीन हजार मिलिमीटर पावसात १०० चौ.मी. छपरावर तीन लाख लिटर पाणी पडते. पन्हळ नसेल तर ते सगळे शेजाऱ्याच्या भिंतीशी जाते.

विजेच्या बाबतीत, तीन एचपीची मोटर चालताना सव्वादोन किलोवॅट शक्ती देते, पण सरळ सुरू होताना क्षणभर पाच ते सात पट प्रवाह ओढते. म्हणून यंत्रांची वायर दिव्यांच्या वायरीतून काढायची नसते. स्वतंत्र वितरण फलक, प्रत्येक यंत्राला वेगळा एमसीबी, सॉकेटना ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी आणि स्वतःचे अर्थिंग लागते.



बांधकाम सुरू झाल्यावर जोते तयार होताच त्याची तपासणी करून घ्यावी. जोत्यातच अंतर चुकले असेल तर ते इथे सुधारता येते; खांब उभे राहिल्यावर नाही. परवानगी चार वर्षांपर्यंत टिकते, पण दर वर्षी नूतनीकरण करावे लागते. काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घेऊन मंजूर नकाशाची एक प्रत शेडमध्येच, पाण्यापासून दूर, ठेवावी. पुढे मागच्या बाजूला आणखी दोन गाळे वाढवताना वेल्डर पहिला प्रश्न कैचीच्या मापाचा विचारतो, आणि नगररचनाकार मागच्या सामासिक अंतराचा. दोन्हींची उत्तरे त्याच कागदावर असतात.